साडेनऊला लाईट जाणार होती

आमच्या घरात लाईटबिलांची एक फाईल आहे. कापडी पाठीची, नाडी बांधायची, कोपऱ्यांच्या आता चिंध्या झालेल्या. अण्णा एस.टी.त तिकीट व रोकड शाखेत कारकून होते, त्यामुळे कागद कसा ठेवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. प्रत्येक बिलामागे त्याची पावती, पावतीवर लाल शाईने तारीख, डाव्या कोपऱ्यात पंच. सांगलीत गावभागात घर म्हणजे कृष्णामाई कधी ना कधी दारात येणारच. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा माळ्यावर आधी ही फाईल गेली, मग आईची औषधं, मग टीव्ही. "बोर्डाचं एका पैशाचं देणं नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. मंडळाचं महावितरण होऊन २००५ पासून किती वर्षं झाली, अण्णांच्या तोंडी अजून बोर्डच.

फाईलचं आधी सांगितलं, कारण नंतर भेटेल तो विचारायचा, "एवढे हिशेबी गृहस्थ, असे कसे फसले?" मला वाटतं, फाईलमुळेच फसले. ज्याची तीन-तीन बिलं थकलेली असतात तो असला मेसेज आला तर बघतसुद्धा नाही. त्याच्या दारात वायरमन चार वेळा येऊन गेलेला असतो. ज्याचं बिल जन्मात कधी थकलं नाही, त्याच्याच पोटात गोळा येतो.

जून २०२३, दुसरा आठवडा. पावसाचा पत्ता नव्हता, नुसता उकाडा. ज्युनिअर कॉलेजच्या प्रवेशांची गडबड आटपून मी घरी आलो तेव्हा नऊ वाजले होते. अण्णा पडवीत, बरोबर मीटरखाली खुर्ची टाकून बसले होते. फोन हातात, चार्जरची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत ताणलेली. आत उकडत असेल म्हणून बाहेर बसले असतील, असं समजून मी त्यांच्या बाजूने आत गेलो, हातपाय धुतले, पानावर बसलो. आई म्हणाली, "ते आज जेवत नाही म्हणालेत."

नऊ पस्तीसला ते आत आले.

"लाईट गेली नाही रे."

"का जाईल?"

"साडेनऊला जाणार होती." मग खुर्चीचा हात धरून बसत म्हणाले, "माझे पैसे गेलेत वाटतं."

पुढचे दोन दिवस तुकड्यातुकड्यांनी जे कळलं ते असं. संध्याकाळी सहा वीसला एका साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून इंग्रजीत मेसेज आला होता. प्रिय ग्राहक, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा, आणि खाली आणखी एक नंबर. व्याकरणाच्या दोन चुका होत्या. त्या अण्णांना दिसल्याही होत्या. सरकारी इंग्रजी असंच असतं असं त्यांचं मत.

बिल तर तीन तारखेलाच भरलेलं, १,३४० रुपये, पावती फाईलला लागलेली. म्हणजे त्यांनी फोन केला तो घाबरून नव्हे, वाद घालायला केला. मी भरलंय, पावती क्रमांक लिहून घ्या, असं सांगायला. आणि पलीकडचा माणूस वाद घालायलाच तयार नव्हता. तो म्हणाला, "हाँ सर, आपका पेमेंट दिख रहा है. बस सिस्टम में अपडेट नहीं हुआ है."

या एका वाक्याला मी मानतो. तुम्ही बुडवे आहात असं तो म्हणाला असता, तर अण्णांनी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता. पण रक्कम आली, नोंद झाली नाही, हा प्रकार अण्णांनी अख्ख्या नोकरीत रोज निस्तरला होता. कंडक्टरने भरणा केला, चलन लागलं नाही, असं शंभरदा झालेलं. त्यांना वाटलं, समोरचाही आपल्यासारखाच एक कारकून आहे, बिचारा रात्र व्हायच्या आत मेळ बसवायला बघतोय. ग्राहक क्रमांकाचे बाराही आकडे त्यांनी स्वतःहून वाचून दाखवले.

पुढचं सगळं मग उतारावरच्या गाडीसारखं. प्ले स्टोअरवरून एक ॲप घ्यायला लावलं, बोर्डाचं म्हणून. ते बोर्डाचं नव्हतंच. एकाच्या फोनचा पडदा दुसऱ्याला लांबून दिसावा यासाठीचं ते साधं, कायदेशीर ॲप. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे रोज वापरतात. ॲपमध्ये आलेला आकडा वाचून दाखवा, वाचला. 'अलाऊ' दाबा, दाबलं. आता अपडेट चार्ज फक्त दहा रुपये, लिंक उघडा, डेबिट कार्डाने भरा. अण्णांनी कार्ड काढून सोळा आकडे भरले, मुदत भरली, मागचे तीन आकडे भरले. तो हे सगळं स्वतःच्या पडद्यावर बघत होता. त्याला काहीही विचारावं लागलं नाही. म्हणूनच अण्णा नंतर प्रत्येकाला, अगदी छातीवर हात ठेवून, सांगायचे, "मी ओटीपी कुणाला सांगितला नाही." खरंच सांगितला नव्हता. ओटीपीचा मेसेज फोनवर येत होता आणि पलीकडे वाचला जात होता.

सात पाचला ४९,९०० गेले. सात बाराला २४,९९०. दोन्हीचे मेसेज अण्णांनी बघितले आणि विचारलंही. उत्तर मिळालं की ती सिस्टम एन्ट्री आहे, रात्री दहाला उलटी पडेल, फोन मात्र बंद करू नका, नाहीतर अपडेट अडकेल. म्हणून चार्जर. मी नऊला त्यांच्या बाजूने गेलो तेव्हा तो फोन कुणालातरी आपला पडदा दाखवत बसला होता. हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

मी पहिल्यांदा फोन फ्लाईट मोडवर टाकला. ते बरोबर केलं. दुसरं, रागाच्या भरात ते ॲप उडवून टाकलं. ही चूक. आधी त्याचा, कॉल यादीचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट काढायला हवा होता. पुढे पोलिसांनी पहिलं तेच मागितलं. बायकोच्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन लावला आणि कार्ड बंद करून घेतलं. नऊ अठ्ठेचाळीस. ही वेळ मी कॅलेंडरवर लिहून ठेवली, आणि पुढे ती कामाला आली. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधायचा मोह झाला होता, पण शोधल्यावर वर येणारे कितीतरी हेल्पलाईन नंबर याच मंडळींनी पेरलेले असतात.

मग १९३०. ऑनलाईन पैसे गेले की लावायचा हा सरकारी नंबर. फोन उचलणाऱ्या बाईंनी एकदाही "असं कसं केलंत?" विचारलं नाही, त्याबद्दल त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार. त्यांनी विचारलं ते एवढंच: खातं कुठल्या बँकेत, किती रक्कम, किती वाजता, व्यवहार क्रमांक काय. अण्णा तोपर्यंत चष्मा लावून टेबलाशी बसले होते. फोनमधला मेसेज कागदावर उतरवून घेतलेला, त्यावर पट्टी ठेवून, रोकड मोजताना वाचायचे तसे दोन-दोन आकडे वाचत होते. हात थरथरत होता, पण आकडा एक चुकला नाही. दहा दहाला तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. त्या क्रमांकावर सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर सविस्तर तक्रार लगेच भरायची असते. ओळखपत्र, खात्याचा उतारा, स्क्रीनशॉट जोडता-जोडता बारा वाजले.

हे सगळं रात्रीच का करायचं, सकाळी बँक उघडल्यावर का नाही, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. १९३० वर नोंद झाली की ती पैसा जिथे गेला त्या बँकेकडे किंवा वॉलेटकडे जाते. पैसा तिथे असेल तर रोखला जातो. पुढे गेला असेल तर नोंद त्याच्या मागे पुढच्या खात्यात. पैसा पुढे, नोंद मागे. आमचे ४९,९०० दोन उड्या मारून परराज्यातल्या एका खात्यात गेले आणि आठच्या आत एटीएममधून निघाले. खातं एका मजुराच्या नावावर होतं, त्याने ते महिन्याच्या भाड्याने दिलेलं. २४,९९० मात्र एका वॉलेटमध्ये पडून होते. का, देव जाणे. तिथेच गोठले.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. बँकेचं नाव घेत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि वाक्य फेकलं, "ओटीपी गेल्याशिवाय व्यवहार होत नाही, म्हणजे चूक तुमची." अण्णा पहिल्यांदा चिडले ते तिथे. मी त्या रात्री रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचून ठेवलं होतं. त्यातलं आमच्या कामाचं आणि आमच्या विरुद्धचंही थोडक्यात असं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे नऊ अठ्ठेचाळीसनंतर एक रुपया जरी हलला असता तर तो त्यांच्या अंगावर होता. वाद घालण्यासारखं आमच्याकडे फार नव्हतंच. तक्रार अर्जाच्या आमच्या प्रतीवर पोच घेतली, तारखेचा शिक्का मारून घेतला आणि निघालो. शिक्क्याशिवाय अण्णा काउंटर सोडणार नव्हतेच.

सायबर पोलिसांत जबाब द्यायला चार तास लागले, त्यातला एक तास एका शब्दावर गेला. हवालदारांनी टाईप केलं होतं, "अनोळखी इसमाने वीज अधिकारी असल्याची बतावणी करून, माझा विश्वास संपादन करून, मी भीतीपोटी सदर ॲप डाऊनलोड केले." अण्णांनी चष्मा पुसला. "भीतीपोटी काढा."

"मग काय लिहू, काका?"

"नोंद दुरुस्त करून घेण्याच्या हेतूने."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी अण्णांचं वाक्य राहिलं. कलमं लागली भादंवि ४२० आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क, ६६-ड. "अपहाराची एकूण रक्कम ७४,८९०," असं हवालदारांनी वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "७४,९००. दहा रुपये धरा. ते पहिले गेलेत." धरले.

येताना आम्ही महावितरणच्या ऑफिसात डोकावलो. कारण अण्णांच्या मनातून एक शंका काही जाईना: बिल खरंच नोंदलं गेलंय ना? काउंटरवरच्या बाईंनी ग्राहक क्रमांक टाकला, स्क्रीन वळवून दाखवली. तीन जून, १,३४०, जमा. थकबाकी शून्य. अण्णांनी ते डोळे भरून पाहिलं. बाईंना असल्या तक्रारी नवीन नसाव्यात. आमचा मेसेज येतो तो असल्या दहा आकडी नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल अशी अक्षरं असतात, हे त्यांनी स्वतःच्या फोनवर दाखवलं. आणि खरोखर थकबाकी असली तरी २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईट तोडता येत नाही. मी वर्षानुवर्षं बिल भरतोय, ह्या पंधरा दिवसांची मला बातमी नव्हती. अण्णांनाही नव्हती, आणि त्यांना हे फार लागलं. बोर्डाचा नियम आणि आपल्याला ठाऊक नाही! बाजूला उभा असलेला वायरमन हसून म्हणाला, "काका, रात्री साडेनऊला आम्ही लाईट जोडायला जातो. तोडायला नाही."

त्या वाक्यावर अण्णा बरेच दिवस विचार करत असावेत. मध्येच एकदा दाढी करताना म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मीही एक उद्योग केला, तो कुणी करावा असं म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तसाच मेसेज आला, नंबर वेगळा. मी फोन लावला. तोच अदब, तेच सर-सर. मी म्हटलं, "भाऊ, लाईट तोडा, काही हरकत नाही, फक्त कुणाची तोडताय तेवढं सांगा. माझा ग्राहक क्रमांक काय?" तो म्हणाला, वो आप बताइए. मी म्हटलं, "तुमच्याकडे बिल आहे ना समोर? मग बिलिंग युनिट तरी सांगा, चारच आकडे असतात." थोडी शांतता. मागे आणखी चार-पाच जणांचे आवाज, तेच सर-सर, जणू शाळेत पाढे चाललेत. मग एक शिवी, आणि फोन बंद. त्याच्याकडे माझं नावसुद्धा नव्हतं. तसाच मेसेज हजारोंना जातो. मासे आपले आपणच गळाला येऊन लागतात.

साधारण महिन्याने पुढचा अंक. फोनवरचा माणूस स्वतःला सायबर सेलचा म्हणवत होता, आणि आमची गेलेली रक्कम त्याला तोंडपाठ होती. पूर्ण पैसे सापडलेत, फाईल मोकळी करायला अडीच हजार फी भरा. इथे मीच डगमगलो, खोटं कशाला सांगू. रक्कम बरोबर सांगतोय म्हणजे खरा असेल, असं क्षणभर वाटलं. रक्कम आणखी कुणाला माहीत असते, हा विचार नंतर आला: चोराला. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "पावती कुठल्या नमुन्यात देणार?" तो गोंधळला. "बिनपावतीची फी आम्ही भरत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

ताईला पुण्यात कोथरूडला असाच एक प्रकार पुढे आला, पाईपगॅसच्या बिलाच्या नावाने. तिथे फोनसुद्धा करायला लावला नाही; व्हॉट्सॲपवर थेट एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप बसवायची फाईल. ती बसवली की मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि मग ओटीपी बसल्या जागी दुसरीकडे जातात. ताईने ती अण्णांना पाठवून विचारलं, हे काय आहे. अण्णांनी तिला फोनवर वीस मिनिटं झापलं. फाईल पाठवल्याबद्दल. मार्च २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय सुरू झाली; पैसे गेले नसतील, पण फोन किंवा मेसेज संशयास्पद असेल तर तिथे कळवता येतं. हे मी अण्णांना दाखवून चुकलो. आता दुपारी चहानंतर ते तेवढंच करतात. वहीत तारीख, वेळ, नंबर, "कळवले" आणि पुढे बरोबरची खूण.

गोठलेले २४,९९० आपोआप खात्यात आले नाहीत. ते सोडवायला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली अर्ज करावा लागला. पोलिसांचं म्हणणं आलं, हमीपत्र लिहून दिलं, तीन तारखा पडल्या. वकिलांनी आमच्याकडून फक्त टायपिंगचे आणि स्टॅम्पचे पैसे घेतले. फेब्रुवारीत आदेश झाला.

त्या दिवशी कोर्टातून येताना अण्णा स्कूटरवर मागे बसले होते. विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाले, "मला साडेसातलाच कळलं होतं."

मी काही बोललो नाही.

"दुसरा मेसेज आला तेव्हाच. नोंदीची रक्कम कधी अशी वजा होते का? पण म्हटलं, साडेनऊपर्यंत थांबू. लाईट गेली तर माणूस खरा." सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. "दोन तास मीटरकडे बघत होतो. जावी, असं वाटत होतं."

आमचे पहिले ४९,९०० आठच्या आत निघाले होते. साडेसातला ते आत येऊन बोलले असते तर... हे गणित मी मनात केलं, आणि त्यांनी ते माझ्या कितीतरी आधी, कितीतरी वेळा केलेलं असणार. मी गाडी पुढे घेतली. घरी आल्यावर त्यांनी आदेशाची प्रत पंच करून लाईटबिलांच्या फाईलला लावली, जून २०२३ च्या पावतीमागे. मी म्हटलं, याची वेगळी फाईल करू. म्हणाले, "खर्च ह्याच खात्याचा आहे."

परवा रात्री जेवणं झाली होती. अण्णांच्या फोनवर टिंग वाजलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मला वाचायला दिलं. प्रिय ग्राहक, आज रात्री साडेनऊ वाजता. व्याकरणाच्या चुका त्याच दोन. अण्णांनी वही काढली, नंबर उतरवला, घड्याळ बघितलं. नऊ अठ्ठावीस. मग उठून पडवीतला दिवा बंद केला, सोप्यातला केला, स्वयंपाकघरातला करायला गेले तर आतून आई ओरडली, "अहो, मी अजून ओटा पुसतेय."

"आटप लवकर," अण्णा म्हणाले, "साडेनऊला लाईट जाणार आहे."